दुखण्याला शब्द शोधणारी आनंदी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा २६ फेब्रुवारी हा स्मृतिदिन. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली मराठी मुलगी म्हणून त्यांचे नाव प्रत्येकाला ठाऊक असते. आजार आणि भाषा यांच्यातील अंतर या मुलीने कसे ओलांडले आणि त्यासाठी काय किंमत मोजली, त्याची ही कहाणी.

पुण्याहून औंध मागे टाकून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत शिरताना सांगवी फाटा लागतो. फाट्याजवळ औंधचे जिल्हा रुग्णालय आहे आणि त्याच परिसरात उरो रुग्णालय. उर म्हणजे छाती, हे शाळेत शिकलेले लोकसुद्धा बोलताना त्याला चेस्ट हॉस्पिटल असेच म्हणतात. जुनी सांगवी, नवी सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी, बोपोडी या वस्त्यांतून आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून माणसे अशा रुग्णालयांत येतात. त्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून पोटासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ. प्रत्येकाच्या हातात केसपेपर असतो.

कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तासभर बसले तरी एक गोष्ट ध्यानात येते. बाकावर बसलेली बाई शेजारणीला सांगत असते, की रात्री कणकण येते, अंग मोडून येते, उरात भरल्यासारखे होते, जेवणावर वासना नाही. तीच बाई आत डॉक्टरांपुढे बसली की सगळे आवरून एका शब्दात सांगते, वीकनेस आहे. डॉक्टर कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहितात आणि पुढच्या पेशंटला हाक जाते. बीपी, शुगर, थायरॉइड, अ‍ॅसिडिटी, इन्फेक्शन, डिलिव्हरी, पिरियड्स हे शब्द आता घरोघरी पोचले आहेत. सकाळी फिरायला निघणाऱ्या मंडळींच्या तोंडी फिटनेस, स्टॅमिना, कॅलरी हे शब्द तर सहज येतात. आरोग्याविषयी बोलायचे म्हणजे अर्धे इंग्रजीत बोलायचे, हे आपण मान्य करून टाकले आहे.

सुमारे १४० वर्षांपूर्वी हे शब्द मराठी घरात नव्हते. बाईच्या दुखण्याविषयी पुरुषासमोर बोलायला तर कोणत्याच भाषेतले शब्द चालत नव्हते. त्या काळात एका मराठी मुलीने हे शब्द मिळवण्यासाठी समुद्र ओलांडला. ज्या आजाराने तिचा बळी घेतला, त्यावर उपचार करणारे रुग्णालय आज सांगवीच्या फाट्यावर उभे आहे, आणि ती गेली ते पुणे तिथून फार लांब नाही.

दहा दिवसांचे बाळ

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. एके काळी सुस्थितीत असलेले हे घराणे पुढे उतरणीला लागले होते. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हा माणूस त्या काळाच्या मानाने विलक्षणच म्हणायला हवा. बायकोने शिकले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता आणि तो ध्यास कधी कधी क्रूरपणाच्या सीमेवर जाई. इतर नवरे बायकोने स्वयंपाक नीट केला नाही म्हणून हात उगारत. गोपाळराव अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेल्याबद्दल हात उगारीत. आनंदीबाईंच्या शिक्षणाचे श्रेय त्यांना देताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. आनंदीबाईंनी स्वतःही पुढे पतीला लिहिलेल्या पत्रांतून या जाचाची आठवण करून दिली होती, आणि त्याच पत्रांत त्यांच्यामुळेच आपण इथवर आलो हेही मान्य केले होते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय उपचार वेळेवर मिळाले असते तर तो वाचला असता, ही खंत त्या मुलीच्या मनात कायमची राहिली.

त्या काळचे बाळंतपण कसे होते, हे आपल्या भाषेतल्या शब्दांवरूनच कळते. मुलगी वयात आली की तिला पदर आला म्हणत. पाळी आली की कावळा शिवला किंवा ती बाहेरची झाली. गर्भ राहिला की दिवस गेले. ती पोटुशी होई, दोन जिवांची होई, तिला डोहाळे लागत आणि ते कौतुकाने पुरवलेही जात. जोवर सारे सुरळीत आहे तोवर शब्दांना तोटा नव्हता. काही बिघडले की मात्र भाषा आखडे. अंगावरून जाते, एवढ्या दोन शब्दांत निम्मे स्त्रीरोग सामावून घेतले जात. प्रसूती होत नसली तर बाई अडली, आणि नंतर ताप चढून गेली तर बाळंतरोगाने गेली. अडली म्हणजे कुठे, कशामुळे, किती वेळ, हे सुईणीला हाताने कळे. पण तिला ते वैद्याला सांगण्याचा प्रसंग क्वचितच येई, आणि वैद्य पुरुष असल्यामुळे तो नाडी पाहण्यापलीकडे फारसा जात नसे.

वास्तविक मराठीला दुखण्याच्या शब्दांची उणीव कधीच नव्हती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यात कळ, ठणका, चमक, उसण, मुरडा, कसकस, हुडहुडी अशा शब्दांची रेलचेल आहे. इंग्रजीत ज्याला सरसकट पेन म्हणून मोकळे होता येते, त्याचे मराठीत किती तरी प्रकार. ठणका लागतो तो पिकलेल्या फोडाला, चमक भरते ती पाठीत, मुरडा येतो पोटात. अनुभवी वैद्याला नुसत्या शब्दावरून अर्धे निदान व्हावे. अडचण शब्दांची नव्हती, ते ऐकणाऱ्याची होती. बाईने हे शब्द ज्याच्यासमोर उच्चारावेत असा वैद्यक जाणणारा माणूस समाजात नव्हता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून सुरू होते. त्यातून एतद्देशीय डॉक्टर बाहेर पडत होते, पण ते सगळे पुरुष होते.

मूल गमावलेल्या त्या चौदा वर्षांच्या मुलीने डॉक्टर होण्याचे मनावर घेतले, ते या पार्श्वभूमीवर.

अमेरिकेतली मावशी

गोपाळरावांच्या बदल्या होत असत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा संसार फिरत राहिला आणि त्याबरोबर आनंदीबाईंचे शिक्षणही. मुंबईत त्या मिशनच्या शाळेत गेल्या. वाटेत लोक हसत, नावे ठेवत, कधी अंगावर काही टाकत. कलकत्त्याला त्यांनी इंग्रजी आणि संस्कृत यांचा अभ्यास केला. इंग्रजी ही त्यांना शाळेत वर्षानुवर्षे बसून मिळालेली भाषा नव्हती; नवऱ्याच्या धाकाने, गावोगाव फिरताना, तुकड्या-तुकड्यांनी मिळवलेली ती भाषा होती.

कोल्हापूरला असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. आपल्याला अमेरिकेत नोकरी मिळेल का आणि पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल का, अशी ती विचारणा होती. वाइल्डरने धर्मांतराची अपेक्षा व्यक्त करून हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. जोशी दांपत्य ख्रिस्ती व्हायला तयार नव्हते, त्यामुळे विषय तिथेच संपायचा. पण १८८० मध्ये न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर लागण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती आला. पुढच्या साऱ्या घटनांची सुरुवात अशी एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत झाली.

कार्पेंटरबाईंनी पत्र पाठवले, आनंदीबाईंनी उत्तर दिले आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. न पाहिलेल्या परक्या बाईला मराठी मुलगी जे नाते देऊ शकते, त्यात आईच्या खालोखालचे हे नाते. पत्रांतून एकमेकींच्या चालीरीती, सण, पोशाख, बालविवाह, धर्म यांवर लिहिणे होई.

याच काळात आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली होती. सततची डोकेदुखी, अधूनमधून येणारा ताप, थकवा, कधी धाप लागणे. हे दुखणे कलकत्त्याहून पत्रातून अमेरिकेला कळे आणि तिकडून कार्पेंटरबाई औषधे पाठवीत. त्यांचा गुण मात्र आला नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जे सांगू शकली नसती, ते ती परक्या भाषेत, हजारो मैलांवरच्या मावशीला लिहीत होती. इंग्रजीचा उपयोग त्यांना सर्वांत आधी झाला तो असा. परकी भाषा कधी कधी संकोचाचा पडदा दूर करते. आपल्याकडच्या शिकलेल्या मुलीही आज पाळीऐवजी पिरियड्स म्हणतात, गर्भाशयाऐवजी युटरस म्हणतात, त्यामागे हेच कारण नसेल का?

सेरामपूरचे व्याख्यान

गोपाळरावांना स्वतःला अमेरिकेला जाणे जमेना. अखेर आनंदीबाईंनी एकटीने जावे असे ठरले. हिंदू ब्राह्मण घरातली विवाहित स्त्री एकटी समुद्र ओलांडणार ही बातमी पसरताच टीकेचा भडिमार झाला. कर्मठ हिंदूंना धर्म बुडाल्यासारखे वाटले, आणि ती ख्रिस्ती होऊन जाईल तर बरे असे काही मिशनऱ्यांना वाटत होते. तेव्हा हे दांपत्य कलकत्त्याजवळ सेरामपूर येथे राहत होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपली बाजू जाहीरपणे मांडली. व्याख्यान इंग्रजीत होते.

आपण अमेरिकेला का जातो, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय का पुरत नाही, एकटीनेच का जातो, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का, असे प्रश्न लोक विचारीत होते. आनंदीबाईंनी ते एकेक करून घेतले आणि उत्तरे दिली. साऱ्या व्याख्यानाचा गाभा एकच होता. या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, कारण पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे उघड करण्यापेक्षा इथल्या स्त्रिया सोसत राहणे पत्करतात. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी निक्षून सांगितले. अठरा वर्षे पूर्ण व्हायला अजून महिनाभर अवकाश असलेल्या मुलीचे हे बोलणे ऐकून अनेकांचे मत पालटले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदतीचा ओघ सुरू झाला.

वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकून त्यांनी प्रवासाची तयारी केली. ७ एप्रिल १८८३ रोजी मिशनऱ्यांच्या ओळखीच्या स्त्रियांच्या सोबतीने त्यांनी कलकत्त्याहून बोट पकडली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला त्यांच्याच घरी काढला.

फिलाडेल्फियातले शब्द

पेनसिल्व्हेनियाच्या फिलाडेल्फिया शहरात स्त्रियांसाठी १८५० मध्ये एक वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले होते. स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक. तिथे प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी संस्थेचे सेक्रेटरी अल्फ्रेड जोन्स यांना अर्ज लिहिला. आपले शिक्षण मोजणीच्या निकषांत बसत नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपल्या देशातल्या ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण बरे मानतात, त्यांच्यापर्यंत वैद्यकीय मदत पोचवणे हाच आपला हेतू असल्याचे त्यांनी त्यात लिहिले. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही.

ज्या मुलीने आठ-नऊ वर्षांपूर्वी अक्षरे गिरवायला सुरुवात केली, तिच्यासमोर आता शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, रसायन, औषधीशास्त्र आणि प्रसूतिशास्त्र यांची इंग्रजी पुस्तके होती. वैद्यकाची इंग्रजी ही बोलीभाषेतली इंग्रजी नव्हे. तिचे निम्मे शब्द ग्रीक, उरलेले लॅटिन. अवयवाच्या नावाला आयटिस लावले की दाह, अल्जिया लावले की वेदना, एक्टमी लावले की कापून काढणे. अमेरिकन मुलींनाही ही भाषा नव्याने शिकावी लागे. आनंदीबाई संस्कृत शिकलेल्या होत्या. धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांपासून शब्द घडतो ही कल्पना त्यांना नवी नसणार.

त्यांच्याबरोबर त्या वर्षांत जपानच्या केई ओकामी आणि सिरियातल्या सबात इस्लामबुली या विद्यार्थिनी होत्या. १८८५ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या दिसतात. आनंदीबाई साडीत आहेत. तिघींच्या मातृभाषा वेगळ्या, धर्म वेगळे. रोगाविषयी बोलण्याची भाषा तेवढी तिघींना एकच मिळाली होती.

राहणी सोपी नव्हती. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही. फिलाडेल्फियाची थंडी, बदललेले अन्न, अभ्यासाचे ओझे आणि आधीपासूनचे आजारपण यांचा परिणाम होत राहिला. आरोग्याचे नियम पुस्तकातून शिकणाऱ्या मुलीला स्वतःच्या शरीराकडे मात्र पुरेसे लक्ष देता आले नाही, ही त्या तीन वर्षांची शोकांतिका आहे.

शिक्षणाच्या अखेरीस त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यात त्यांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांतले संदर्भ घेतले आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांतलेही. कल्याणच्या आणि अलिबागच्या माजघरांत जे दबक्या आवाजात बोलले जाई, त्यावर फिलाडेल्फियात इंग्रजीतून शास्त्रीय लेखन झाले. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने प्रसूतिशास्त्रच निवडावे यात आश्चर्य नाही. पण आपल्याकडे काहीच नव्हते असे न म्हणता, आणि सगळे आपल्याकडे होतेच असेही न म्हणता, दोन्ही परंपरांचे शब्द त्यांनी एका प्रबंधात शेजारी आणून ठेवले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी होते. समारंभाला गोपाळराव हजर होते आणि नात्यातल्या पंडिता रमाबाईही आल्या होत्या. महाविद्यालयाने ही वार्ता व्हिक्टोरिया राणीला कळवली आणि तिकडून अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पाश्चात्त्य वैद्यकात पात्रता मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून या दोघींची नावे एकत्र घेतली जातात, ते योग्यच आहे.

कोल्हापूरची नेमणूक

हिंदुस्थानातही याच सुमारास हालचाल सुरू झाली होती. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये निधी उभारला. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले. तिथे इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची काम पाहू लागल्या. या स्त्रियांची सेवा मोठी होती, परंतु पेशंटची भाषा त्यांना परकी होती. बाईने कसकस म्हटले, ठसठस म्हटले, तर मध्ये कोणी तरी दुभाषी लागणार होता.

कोल्हापूर संस्थानने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद देऊ केले, त्याचे मोल या संदर्भात लक्षात घ्यायला हवे. तिथे ज्या डॉक्टर खुर्चीत बसणार होत्या, त्यांना दुभाष्याची गरज नव्हती. पंचगंगेच्या काठच्या बायकांची मराठी त्यांना कळत होती, आणि फिलाडेल्फियाची इंग्रजीही. ज्या रुग्णालयात त्या जाणार होत्या, तेच आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणजे सीपीआर या नावाने सर्व दक्षिण महाराष्ट्राला परिचित आहे.

पण आनंदीबाई तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत.

एका रोगाची तीन नावे

पदवीनंतर त्या अधिक अनुभवासाठी बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये गेल्या. तिथे प्रकृती आणखी खालावली. खोकला, ताप, अशक्तपणा. निदान झाले ते क्षयाचे.

या रोगाला तेव्हा इंग्रजीत एकाहून अधिक नावे होती. बोलीतले नाव कन्झम्प्शन. रोगी आतून खाऊन टाकल्यासारखा झिजत जातो म्हणून. डॉक्टरांच्या पुस्तकातले नाव फ्थायसिस. तो ग्रीक शब्द, आणि त्याचाही अर्थ झिजणे. आपला क्षय हा शब्दही तेच सांगतो. बोलीत आपण माणूस खंगत गेला म्हणतो. तिन्ही भाषांनी या रोगाकडे बाहेरून पाहिले होते. माणूस वाळत चालला आहे, एवढेच डोळ्यांना दिसत होते आणि तेवढेच नाव त्यांनी ठेवले होते.

तिसरे नाव ट्युबरक्युलोसिस. फुप्फुसात दिसणाऱ्या बारीक गाठींवरून ते पडले. हे नाव शरीराच्या आत पाहून ठेवलेले होते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. आनंदीबाई त्यानंतर दीड वर्षाने वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. क्षय हा घराण्याचा दोष किंवा नशिबाचा भोग नसून जंतूमुळे होणारा संसर्ग आहे, हे ज्ञान त्या शिकत होत्या तेव्हा अगदी ताजे होते.

पण नाव कळले म्हणून रोग बरा होत नाही. जंतू ओळखता येत होता, मारता येत नव्हता. विश्रांती, मोकळी हवा, पौष्टिक आहार यांपलीकडे उत्तमातल्या उत्तम डॉक्टरकडेही काही नव्हते. क्षयावर पहिले खरे औषध ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. आज त्याच रोगाला आपण टीबी या दोन अक्षरांत ओळखतो, थुंकीची तपासणी होते, सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात आणि नेमाने घेतली तर बहुतेक रोगी बरे होतात. आनंदीबाई आणि हे औषध यांच्यात छप्पन्न वर्षांचे अंतर पडले.

नोव्हेंबर १८८६ मध्ये पती-पत्नी मुंबईला उतरली. ज्या समाजाने जाताना नावे ठेवली होती, त्यानेच आता सत्कार केले. सत्कार घेणाऱ्या मुलीच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते. पुण्याला आणून देशी उपचार झाले, पण उतार पडला नाही. दुसऱ्याच्या दुखण्याला नाव देण्याची विद्या मिळवून आलेली ही डॉक्टर आता स्वतःच रुग्ण होती. आपल्याला काय झाले आहे आणि त्याचा शेवट कशात होतो, हे अंथरुणाभोवती बसलेल्या आप्तांपेक्षा तिलाच अधिक नेमके कळत असणार. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांचे स्मारक आहे. अमेरिकन लेखिका कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र लिहिले. पाठोपाठ काशीबाई कानिटकर यांनी मराठीत चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने १९६८ मध्ये ही कथा घरोघर पोचवली आणि २०१९ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटाने नव्या पिढीला तिची ओळख करून दिली. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव आहे.

अपुरे राहिलेले काम

आनंदीबाईंनी डॉक्टर म्हणून मायदेशी एकही दिवस काम केले नाही, मग त्यांचे कर्तृत्व ते काय, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. तो अगदीच अनाठायी आहे असे नाही. कादंबिनी गांगुलींनी पुढे वर्षानुवर्षे व्यवसाय केला. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी प्रदीर्घ सेवा केली. रोग्यांच्या संख्येने मोजायचे तर आनंदीबाईंच्या खात्यावर फारसे काही पडत नाही.

पण त्यांनी एक गोष्ट चारचौघांत, भर सभेत सांगितली होती, की या देशातल्या बाईचे दुखणे न बोलल्यामुळे वाढते. तिला औषधाइतकाच कान हवा असतो. हे निदान त्यांनी पदवी मिळवण्याच्या तीन वर्षे आधीच केले होते आणि ते अचूक होते. त्यांचे इंग्रजी शिकणे मिरवण्यासाठी नव्हते. जे ज्ञान त्या भाषेत कोंडलेले होते ते बाहेर काढून कोल्हापूरच्या एखाद्या अडलेल्या बाईपर्यंत मराठीत पोचवायचे, हा तो बेत होता. त्यातला जाण्याचा रस्ता पुरा झाला, परतीचा अपुरा राहिला.

तो अजूनही पुरता तुडवला गेलेला नाही. आज आपल्याकडे स्त्री डॉक्टर असंख्य आहेत. इंग्रजी शब्द तर सांगवीच्या भाजीबाजारातही ऐकू येतात. पण शब्द तोंडी बसला म्हणजे अर्थ मनात उतरला असे होत नाही. वीकनेस म्हणणाऱ्या बाईला रक्त कमी असेल, थायरॉइडचा त्रास असेल, मनावर ताण असेल किंवा दोन आठवडे न हटणारा खोकला ती लपवत असेल. इंग्रजी शब्दाने संकोच झाकला जातो, आणि त्याबरोबर कधी कधी रोगही झाकला जातो. अशा वेळी डॉक्टरांनी एकच प्रश्न अधिक विचारायला हवा, की वीकनेस म्हणजे नेमके काय होते. त्याला उत्तर येईल ते कणकण, कसकस, भोवळ, धाप असल्या शब्दांत, आणि निदानाचा धागा तिथेच सापडेल.

ही जबाबदारी एकट्या डॉक्टरांची नाही. घरातल्या बाईने दुखणे अंगावर काढले तर तिचे कौतुक करण्याची आपली जुनी खोड आहे. आनंदीबाईंनी सेरामपूरच्या सभागृहात बोट ठेवले ते याच सोसण्यावर. सांगवी फाट्यावरच्या बाकावर शेजारणीला मोकळेपणाने सगळे सांगणारी बाई आत जाऊनही तितकेच मोकळेपणाने बोलू लागेल, त्या दिवशी कोल्हापूरला रुजू न झालेल्या त्या डॉक्टरचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.